कुलाब्याची सुहैली पुन्हा पाण्यात

दोस्तांनो, नारळ फोडून होडी पाण्यात लोटायची पद्धत आपल्या कोळीवाड्यांना काही नवी नाही. पण १९ डिसेंबर १९६४ रोजी मुंबईत, कुलाब्याला फुटलेला एक नारळ जरा वेगळाच म्हणायचा. तो फोडला कुवेतच्या वाणिज्यदूतांच्या पत्नीने. होडीचा मालक होता पंचवीस वर्षांचा एक इंग्रज, व्यापारी बोटीवरचा अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. होडीचा आराखडा होता अमेरिकेतल्या विल्यम अ‍ॅटकिन यांचा, आणि त्या आराखड्याचं मूळ शोधत गेलं तर पोचायचं थेट नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या बचाव-होड्यांपाशी. लाकूड अस्सल साग. आणि हात? हात आपल्या इथल्या सुतारांचे. वाकस, पटाशी, दोरीच्या कमानीने फिरवायचा सामता, बस्स! विजेवर घरघरणारी हत्यारं जवळपास नव्हतीच. होडीचं नाव ठेवलं सुहैली. पर्शियन आखातात आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला अरबी खलाशी या नावाने ओळखतात.

खरं तर रॉबिन आणि त्याच्या मित्रांना ही होडी नकोच होती! त्यांनी इंग्लंडहून मागवला होता एक आराखडा आणि टपालाने आला दुसराच, जुन्या घाटाचा. बदलून मागवायला ना वेळ, ना पैसे. मग म्हणाले, असू दे, हीच बांधू.

लांबी जेमतेम ३२ फूट. म्हणजे आपली एस.टी.ची गाडी असते ना, साधारण तेवढीच. या एवढ्याशा होडीतून रॉबिन १४ जून १९६८ ला इंग्लंडच्या फाल्मथ बंदरातून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता, कुणाचीही मदत न घेता, पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ ला परत त्याच बंदरात आला. ३१२ दिवस! अशी प्रदक्षिणा त्याआधी कोणीच केली नव्हती. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. पूर्ण केली फक्त त्याने. बक्षिसाचे पाच हजार पौंड त्याने शर्यतीत जीव गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

ही गोष्ट तुमच्यापैकी काहींनी वाचली असेल. पण आज आपण बोलणार आहोत ते तिच्या पुढच्या भागाबद्दल. होडी म्हातारी झाल्यावर तिचं काय होतं? आणि म्हातारी होडी पुन्हा समुद्रात न्यायची असेल तर कोणाकोणाची मदत लागते?

त्याआधी एक छोटासा प्रसंग सांगायलाच हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रवासाच्या सुरुवातीलाच, अटलांटिक महासागरात, सुहैलीत पाणी शिरू लागलं. लाकडी होडीचा सांगाडा म्हणजे माशाच्या काट्यासारखा असतो बघा. मधे तळाचा जाड कणा, त्याला आपले कोकणातले कारागीर पठाण म्हणतात. त्याला दोन्ही बाजूंनी बरगड्या, आणि बरगड्यांवर बाहेरून लांबच लांब फळ्या. दोन फळ्यांमधल्या फटीत कापूस ठासून भरतात आणि वरून लुकण लावतात. सुहैलीच्या अगदी तळातल्या फटीतला कापूस सैल झाला होता. रॉबिनने पाण्यात बुडी मारली, हातोडीने कापूस ठोकायला लागला. पण दर वेळी श्वास घ्यायला वर यावं लागे आणि तोवर कापूस सुटून लोंबू लागे. मग त्याने डोकं लढवलं. कापडाच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, पट्टीला डांबर चोपडलं, तिच्यात तांब्याच्या चुका आधीच टोचून ठेवल्या आणि पाण्याखाली जाऊन ती फटीवर ठोकली. वरून तांब्याचा पत्रा. तो पत्रा कुठून आला म्हणाल? रेडिओ बसवायला आलेले कामगार तो होडीवरच सोडून गेले होते! एक बाजू झाली आणि एक शार्क घिरट्या घालायला लागला. रॉबिनने बंदूक काढली, त्याला मारलं, आणखी कोणी येतंय का ते बघत थांबला आणि मग दुसरी बाजू पुरी केली.

थोडक्यात काय, लाकडी होडीचा जीव फटीत असतो.

काचेच्या छपराखाली

१९९७ साली सुहैलीला ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवण्यात आलं. केवढा मान! वर काचेचं छप्पर, ऊन नाही, पाऊस नाही, रोज शाळांच्या सहली. तुम्ही म्हणाल, म्हातारपणी याहून सुख ते काय?

पण लाकडाला विचारा. पाण्यात राहणारी फळी पाणी पिऊन फुगलेली असते आणि फुगते म्हणूनच फटी गच्च बसतात. संग्रहालयाच्या कोरड्या हवेत सुहैलीचा साग वाळू लागला. फळ्या आकसल्या, फटी उघडल्या. आपल्या घरातला लाकडी दरवाजा पावसाळ्यात घट्ट होतो आणि उन्हाळ्यात मोकळा होतो ना, तस्संच. संग्रहालयाची काही चूक होती असं नाही हं. तिथली हवा जुनी चित्रं, कागद आणि कापडं टिकावीत अशी राखलेली असते. होडीला मात्र ती मानवेना. अखेर २००२ मध्ये रॉबिनने तिला तिथून बाहेर काढलं.

मग सुरू झाली डागडुजी आणि ती चालली कितीतरी वर्षं. मुंबईत बांधताना वापरलेले लोखंडी खिळे आणि बोल्ट इतक्या वर्षांत गंजले होते. ते एकेक करून काढायचे आणि त्या जागी काशाचे घालायचे. एकदम सगळे काढून चालत नाहीत, नाहीतर होडीचा आकारच पसरेल. एक काढा, एक घाला. रॉबिन तेव्हा साठी ओलांडलेला. सर ही पदवी मिळालेला मोठा माणूस. तरी बरंचसं काम त्याने स्वतःच्या हातांनी केलं. आणि १४ जून २०१८ ला, निघाल्याला बरोब्बर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, फाल्मथच्या पाण्यात शिडं उभारलेली सुहैली डौलात चालली होती.

आता जरा थांबून विचार करा. मालक जिवंत, त्याला होडीचा खिळा न् खिळा पाठ, वर नाव एवढं मोठं की मदतीला माणसं सहज मिळावीत. तरी इतकी वर्षं लागली. मग ज्या होडीचा मालक कोण हेच कोणाला माहीत नाही, तिने काय करायचं?

एका पौंडाची होडी

अशी एक होडी होती. नाव टॅली हो. १९१० साली इंग्लंडमध्ये अल्बर्ट स्ट्रेंज नावाच्या चित्रकाराच्या आराखड्यावरून ती बांधली. (होय, चित्रकार! होड्या रेखायचा त्याला नाद होता.) १९२७ च्या फास्टनेट शर्यतीत असं काही वादळ झालं की फक्त दोन होड्या शेवटपर्यंत पोचल्या. त्यातली टॅली हो जिंकली. पुढे मालक बदलत गेले, समुद्र बदलत गेले आणि शेवटी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगॉन राज्यातल्या एका बंदरात ती कुजत पडली. बंदरवाल्यांना जागा हवी होती. तोडून टाकायचीच वेळ आली होती.

तिला वाचवलं कोणी? आधी एका छोट्याशा मंडळाने. अल्बर्ट स्ट्रेंजच्या होड्यांवर प्रेम करणाऱ्या लोकांचं एक मंडळ आहे. आपल्याकडे गड-किल्ल्यांवर प्रेम करणारी मंडळं असतात ना, तसंच. त्यांनी होडी ताब्यात घेतली आणि योग्य माणूस शोधायला लागले. २०१७ मध्ये लिओ गुल्डन नावाच्या तरुण इंग्रज होडी-सुताराला त्यांनी ती विकली. किंमत? एक पौंड!

आईबाबांनो, लगेच खिशात हात घालू नका. एक पौंडाला मिळालेली होडी ही जगातली महागातली महाग होडी असते. तिला ट्रकवर चढवून शेजारच्या वॉशिंग्टन राज्यात न्यायलाच केवढा खर्च. लिओकडे पैसे फारसे नव्हते. मग त्याने काय केलं, तर काम करता करता त्याचं चित्रीकरण करून यूट्यूबवर दाखवायला सुरुवात केली. बघणाऱ्यांनी थोडेथोडे पैसे पाठवले. कोणी हत्यारं दिली. देशोदेशींचे स्वयंसेवक आले, काही आठवडे राहिले, फळ्या तासल्या आणि परत गेले. त्यांच्याबरोबर होडी बांधायची विद्याही थोडीथोडी घरोघरी गेली, हे मला पैशांपेक्षा मोलाचं वाटतं. सात वर्षांनी, २०२४ मध्ये, टॅली हो पुन्हा पाण्यात उतरली.

आता तुमच्यातला एखादा चौकस विचारेल, की कणा नवा, बरगड्या नव्या, फळ्या नव्या, मग ही होडी तीच कशी? प्रश्न बिनतोड आहे. आजोबांच्या कोयत्याची मूठ तीनदा बदलली आणि पातं दोनदा बदललं तर तो आजोबांचाच कोयता का? ग्रीक लोक दोन हजार वर्षांपासून थीसियसच्या जहाजाबद्दल हाच वाद घालत आले आहेत. जेवायच्या वेळी घरात हा प्रश्न टाकून बघा. वरणभात थंड होईल, पण वाद मिटायचा नाही.

होडी सुधारणाऱ्या माणसाला मात्र या वादाचं उत्तर कागदावर द्यावं लागतं. म्हणून काहीही काढायच्या आधी त्याची नोंद करायची असते: मापं, छायाचित्रं, कुठली फळी कुठे होती, खिळा कशाचा होता. ब्रिटनमध्ये ऐतिहासिक नौकांची राष्ट्रीय नोंदवही ठेवणारी एक संस्थाच आहे. पन्नास वर्षांहून जुनी आणि ३३ फुटांहून लांब नौका त्या वहीत जाऊ शकते. छोट्या होड्यांसाठी फाल्मथच्या संग्रहालयाकडे वेगळी वही. या संस्थेने होडीची नोंद कशी करावी, दुरुस्तीपलीकडे गेलेली होडी नीट उलगडावी कशी आणि जपावी कशी, अशी तीन वेगवेगळी पुस्तकं काढली आहेत. उलगडण्याचंही पुस्तक! मला ते फार आवडलं. सगळ्याच होड्या काही वाचत नाहीत. पण मोडताना तिची मापं घेतली तर उद्या कोणी तरी तिची बहीण बांधू शकतो.

वादळात पडलेली झाडं आणि मोदकपात्र

सगळ्यात अवघड काय मिळवायचं? पैसे नव्हेत, लाकूड. बरगडी वाकडी असते, आणि सरळ फळीतून ती कापली तर लाकडाच्या रेषा मधेच तुटतात आणि ती कमजोर होते. म्हणून जुने कारागीर मुळातच वाकडं वाढलेलं झाड हुडकत. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर बाभळीची वाकडी खोडं यासाठी नावाजलेली. सरळ वागणाऱ्याचं जगात बरं होतं म्हणतात, पण होडीत मान वाकड्याला!

अमेरिकेत कनेटिकट राज्यात मिस्टिक सीपोर्ट नावाचं संग्रहालय आहे. तिथे चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन हे १८४१ साली बांधलेलं देवमाशांच्या शिकारीचं जहाज आहे. लाकडी जहाजांपैकी त्या जातीचं जगात उरलेलं एकमेव. २००८ ते २०१३ या काळात त्याची मोठी दुरुस्ती झाली, तेव्हा त्यांना लाइव्ह ओक नावाचं भक्कम, वाकडंतिकडं लाकूड हवं होतं. झाडं तोडायला मन धजेना. मग मिळालं कुठून? २००५ च्या कतरिना वादळात दक्षिणेकडे असंख्य झाडं उन्मळून पडली होती, त्यातली काही त्यांना देण्यात आली. शिवाय २०१० मध्ये बॉस्टनला एका रुग्णालयासाठी पाया खणताना जमिनीत चक्क जुनं ओकचं लाकूड सापडलं! पूर्वी तिथे आरमाराची गोदी होती आणि जहाजांसाठीचं लाकूड तडकू नये म्हणून पाण्यात बुडवून ठेवत. ते तसंच विसरलं गेलं होतं. ते मिस्टिकला गेलं. २०१४ मध्ये ते जहाज पुन्हा समुद्रात जाऊन आलं, या वेळी शिकारीला नव्हे, देवमासे बघायला.

सरळ फळी वाकवायची तर युक्ती आहे वाफेची. लाकडाची लांब पेटी करायची, तिच्यात फळी ठेवायची आणि आधणाची वाफ सोडायची. जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास. मोदकपात्रच म्हणा ना! फळी बाहेर काढली की मात्र धावपळ. हातमोजे घालून चार-पाच जणांनी ती पळवत न्यायची आणि गार व्हायच्या आत बरगड्यांवर दाबून बसवायची. हे एकट्याने जमत नाही. म्हणून होडीच्या कामावर पहिली गरज हत्यारांची नसते, शेजाऱ्यांची असते.

कुजकं लाकूड ओळखायचं कसं? कान लावून. लाकडी हातोडीने हलकेच टकटक करत जायचं. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द वाजतं. शंका आली की तिथे टोच्या टोचून बघायचा. गंमत म्हणजे खाऱ्या पाण्याने होडी फारशी कुजत नाही, कुजते ती पावसाच्या गोड्या पाण्याने. डेकच्या कोपऱ्यात, जिथे ओल साठते आणि वारा लागत नाही, तिथे आधी बघायचं. एक गोष्ट मात्र मोठ्यांनीच करायची: जुना रंग खरवडणं. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि होडीच्या तळाचा रंग तर शेवाळ-कालवं चिकटू नयेत म्हणून मुद्दाम विषारी केलेला असतो. त्याची धूळ नाकातोंडात जाणं वाईट. मुखपट्टी हवीच, आणि मुलांनी त्या वेळी दूर खेळावं.

तोच आराखडा, पुन्हा आपल्या किनाऱ्यावर

तो चुकून आलेला आराखडा आठवतोय ना? त्याची गोष्ट संपलेली नाही.

२०१८ मध्ये, सुहैलीच्या प्रवासाला पन्नास वर्षं झाली म्हणून तशीच शर्यत पुन्हा भरवायचं ठरलं. जीपीएस नाही, तारे आणि सेक्स्टंट यांवरच वाट काढायची. नौसेनेचे कमांडर अभिलाष टॉमी यांनी तिच्यात भाग घ्यायचं ठरवलं, आणि होडी कुठली? सुहैलीची जुळी बहीण! गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये त्याच अ‍ॅटकिनच्या आराखड्यावरून ती लाकडात बांधली आणि २०१७ मध्ये पाण्यात सोडली. नाव थुरिया. याच कारखान्यात त्याआधी म्हादेई बांधली गेली होती. तिच्यातून २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय झाले. दोंदे आधी इंग्लंडला जाऊन कोणाकडे शिकले ठाऊक आहे? सुहैलीच्या मालकाकडेच. आणि या सगळ्या मोहिमेचं स्वप्न पाहिलं होतं ते निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणाऱ्या व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी.

थुरियाचा शेवट मात्र गोड झाला नाही. २१ सप्टेंबर २०१८ ला हिंदी महासागरात प्रचंड वादळात ती उलथली, डोलकाठ्या मोडल्या, अभिलाष यांच्या पाठीला जबर मार बसला. हलताही येत नव्हतं. तीन दिवसांनी ओसिरिस या फ्रेंच गस्ती नौकेने त्यांना उचललं. थुरिया तिथेच सोडून द्यावी लागली. अभिलाष बरे झाले आणि २०२२ च्या शर्यतीत पुन्हा उतरून दुसरे आले, पण ती वेगळी होडी. थुरियाला कोणी दुरुस्त करू शकणार नाही. तिचा आराखडा तेवढा शिल्लक आहे.

आता तुमच्याआमच्या आवाक्यातलं थोडं. ३२ फुटी होडी राहू दे. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये मिरर नावाची जेमतेम ११ फुटांची होडी निघाली. प्लायवुडचे तुकडे तांब्याच्या तारेने चक्क टाके घालून जोडायचे आणि वरून फायबरग्लासच्या पट्ट्या चिकटवायच्या. घरच्या घरी बांधता यावी म्हणूनच ती योजलेली. सत्तर हजारांच्या वर मिरर बांधल्या गेल्या. मुलांसाठीची ऑप्टिमिस्ट त्याहून जुनी आणि त्याहून लहान. १९४७ मध्ये अमेरिकेत क्लार्क मिल्सने ती आखली, ती दोन प्लायवुडच्या तक्त्यांतून निघावी म्हणून. अशा होड्या दुरुस्त करायला सोप्या, कारण सगळ्या एका मापाच्या. तुटलेल्या तुकड्याचं माप दुसऱ्या होडीवरून घेता येतं. शीड फाटलं तर तयार मिळतं. त्या त्या जातीच्या होड्यांची मंडळं असतात, ती आराखडा देतात, चुकलं तर सांगतात.

मिररच्या लाल शिडावर एक क्रमांक लिहिलेला असतो, आणि तोच होडीच्या लाकडातही कोरलेला असतो. शीड हरवलं, रंग उडाला, नाव पुसलं गेलं, तरी आतल्या बाजूला ओला फडका फिरवून नीट पाहिलं की तो सापडतो.